परकीय भाषेच्या वर्गात व्हिडिओ आणि ब्लॉग: काम नेमकं कसं बसवायचं?

पानगळ

भाषा जर्मन, पातळी ए२ (युरोपीय भाषा-आराखड्यातल्या सहा पायऱ्यांपैकी दुसरी), वर्गात २४ जण, वय १६ ते १९. आठवड्याला ९० मिनिटांच्या दोन तासिका. पुढच्या सत्रातल्या १२ आठवड्यांत पाठ्यपुस्तकाच्या जोडीला व्हिडिओ आणि ब्लॉग घ्यायचा विचार आहे. बेत असा: प्रत्येकाने तीन व्हिडिओ करायचे (स्वतःची ओळख, दिनक्रम, एखादी कृती समजावून सांगणे) आणि दर आठवड्याला ब्लॉगवर एक पोस्ट लिहायची. मोबाइल सगळ्यांकडे आहेत, संगणकखोलीत १२ संगणक आहेत.

प्रश्न बरेच आहेत. व्हिडिओ किती लांबीचा असावा? एकेकट्याने करायचा की गटाने? मुलं सगळं लिहून आणतात आणि कॅमेऱ्यासमोर वाचून दाखवतात, त्यावर काय करायचं? ब्लॉग सगळ्यांचा मिळून एक की प्रत्येकाचा वेगळा? चुका कोणी, कधी, कुठे दुरुस्त करायच्या? मुलांचा उत्साह वाढतो हे मान्यच आहे. तासिकेत प्रत्यक्ष काय करायचं आणि घोडं कुठे अडतं, हे जाणकारांनी सांगावं.

शब्दवेल्हाळ

बेत चांगला आहे, पण आधी आकडेमोड करून पाहा. २४ जणांचे तीन-तीन म्हणजे ७२ व्हिडिओ. प्रत्येकी दोन मिनिटं धरली तर नुसतं एकदा बघण्यातच १४४ मिनिटं जातात. थांबवत, मागे नेत, टिपणं काढत बघायचं म्हटलं तर तिप्पट. त्यावर १२ आठवड्यांच्या २८८ पोस्टी. एवढं तपासणं कुणालाच झेपत नाही. चौथ्या-पाचव्या आठवड्यात शिक्षक मागे पडतो, पोस्टींना उत्तर येईनासं होतं, आणि मग मुलंही हात आखडता घेतात.

म्हणून तिघातिघांचे आठ गट करा आणि सत्रात दोनच व्हिडिओ घ्या. लांबी ९० सेकंद, त्यात प्रत्येकाचं बोलणं किमान ३० सेकंद. ही ३० सेकंदं कमी वाटतात, पण ए२ पातळीवर तेवढ्यात पाच-सहा वाक्यं होतात, आणि पाच-सहा वाक्यं नीट घासूनपुसून घेणं हे आठवडाभराचं काम आहे. चौघांचा गट टाळा. चौथा कॅमेरा धरतो आणि भाषेतून अलगद निसटतो.

माझा मुख्य मुद्दा असा की भाषा कॅमेरा चालू असताना शिकली जात नाही. ती त्याच्या आधीच्या तोंडी तयारीत आणि नंतर स्वतःचं बोलणं पुन्हा ऐकून लिहून काढण्यात शिकली जाते. भाषा कशी शिकली जाते याच्या अभ्यासक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं होतं की नुसतं ऐकून-वाचून पुरत नाही. स्वतः बोलायला-लिहायला लागलं की आपल्याला काय म्हणता येत नाही ते कळतं. व्हिडिओचा खरा उपयोग इथे आहे. बोललेलं हवेत विरून जात नाही, परत समोर आणता येतं. तेव्हा वेळ एडिटिंगमध्ये घालवण्यापेक्षा इथे घाला.

एका व्हिडिओला चार तासिका द्या.

पहिल्या तासिकेत ६० ते ९० सेकंदांचा नमुना बघायचा. आधी आवाज बंद करून: काय चाललंय, कोणते शब्द येतील, फळ्यावर गोळा करा. मग आवाजासह, सबटायटल्स न लावता. मग जर्मन सबटायटल्ससह. या टप्प्यावर मातृभाषेतली सबटायटल्स लावू नका. नजर तिकडेच जाते आणि कान मिटतात. एचफाइव्हपी नावाचं मोफत साधन व्हिडिओमध्ये ठरलेल्या सेकंदाला प्रश्न बसवू देतं, ते वर्डप्रेस (ब्लॉगची प्रणाली) आणि मूडल (ऑनलाइन वर्गाची प्रणाली) दोन्हींवर चालतं. ९० सेकंदांत तीनपेक्षा जास्त प्रश्न नकोत, नाहीतर बघण्याची लय तुटते.

दुसरी तासिका तोंडी तयारीची. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांच्या लेखनातून पसरलेलं '४-३-२' नावाचं तंत्र आहे: तीच गोष्ट तीन वेगवेगळ्या जोडीदारांना सांगायची, पहिल्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन. ए२ साठी ते ९०, ६० आणि ४५ सेकंदांवर आणा. मजकूर कापायचा नाही, तोच कमी वेळात सांगायचा. तिसऱ्या फेरीपर्यंत अडखळणं बरंच कमी होतं. जोडीदार बदलणं मात्र चुकवू नका. ऐकणारा तोच राहिला तर सांगणाऱ्याला पुन्हा सांगण्यात काही अर्थ वाटत नाही.

वाचून दाखवण्यावरचा उपायही याच तासिकेत आहे. पूर्ण संहिता लिहूच द्यायची नाही. प्रत्येकाला पोस्टकार्डाएवढा कागद द्या, त्यावर जास्तीत जास्त आठ शब्द, आणि क्रियापदं मूळ रूपातच. 'आउफश्टेहेन' (उठणे) असं लिहिलेलं असलं की बोलताना 'इश श्टेहे उम झीबेन आउफ' (मी सातला उठतो; 'आउफ' तुटून शेवटी जातं) हे रूप स्वतः चालवावं लागतं. कागद कॅमेऱ्याच्या अगदी खाली चिकटवा. पूर्ण वाक्यं असली की डोळे डावीकडून उजवीकडे फिरताना स्पष्ट दिसतात आणि वाक्याचा चढउतार सपाट होतो. आठ शब्दांत वाचण्यासारखं काही उरतच नाही.

तिसरी तासिका रेकॉर्डिंगची. प्रत्येक गटाला तीन टेक, चौथा नाही. ही मर्यादा आधीच सांगून टाका. मोकळीक दिली तर दहा टेक होतात, आणि शेवटच्या टेकमध्ये बोलणं पाठ झालेलं असतं.

चौथी तासिका सगळ्यात महत्त्वाची, आणि वेळ कमी पडला की नेमकी हीच गळते. तिघांनी बसून आपण बोललो ते जसंच्या तसं, चुकांसकट, वहीत उतरवायचं. सुधारून लिहायचं नाही. मग शिक्षकाने फक्त अधोरेखित करायचं: शब्दक्रमाची चूक असेल तर एक खूण, विभक्तीची असेल तर दुसरी, शब्दच चुकला असेल तर तिसरी. उत्तर द्यायचं नाही. गटाने दुरुस्त करायचं, आणि दुरुस्त मजकुराची सबटायटल्स करायची.

उदाहरण घ्या. 'वाइल इश बिन म्यूडे' (कारण मी दमलोय) असं बोललं गेलं. तोंडी दुरुस्ती केली तर मुलगा मान डोलावतो आणि पुढच्या वाक्यात तेच करतो. लिहून काढताना 'वाइल'खाली रेघ दिसली की तिघांपैकी कुणीतरी म्हणतं, क्रियापद शेवटी हवं: 'वाइल इश म्यूडे बिन'. तसंच 'आउफ'चं. घाईत बोलताना शेवटचा 'आउफ' खूपदा गळतो, आणि बोलणाऱ्याला खात्री असते की आपण तो म्हटला. ऐकून लिहिताना तो नसल्याचं कळतं. भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड श्मिट १९९० मध्ये ज्याला 'लक्षात येणं' म्हणाले ते हेच. जे लक्षात आलंच नाही ते शिकलं जात नाही.

सबटायटल बरोबर आणि बोलणं चूक अशी विसंगती राहिली तर? छोट्या चुकांसाठी राहू द्या. अर्थ बदलत असेल तर तेवढंच वाक्य पुन्हा रेकॉर्ड करून जोडायचं.

ध्वनिलहरी

शब्दवेल्हाळ यांच्याशी सहमत. मी फक्त तांत्रिक बाजूचं लिहितो, कारण चौथ्या तासिकेतलं ऐकून लिहिणं आवाज खराब असेल तर होतच नाही.

भाषेच्या वर्गातला व्हिडिओ चित्रामुळे क्वचित बिघडतो, आवाजामुळे नेहमी. जर्मनमध्ये बरोबर 'मिट डेम बुस' (बसने) म्हटलं की चुकीचं 'मिट डेन बुस', हे मधल्या शब्दाच्या शेवटच्या एका अनुनासिकावर ठरतं. मोबाइल दोन मीटरवर ठेवून रिकाम्या खोलीत रेकॉर्ड केलं तर ते ऐकूच येत नाही, म्हणजे विभक्ती बरोबर होती की चूक हे शिक्षकालाही सांगता येत नाही. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट आवाज ६ डेसिबलने खाली येतो. खोलीचा घुमणारा आवाज मात्र तेवढाच राहतो. म्हणून माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर हवा.

त्यासाठी वेगळा माइक लागत नाही. दोन मोबाइल घ्या. एक चित्रासाठी, दुसरा बोलणाऱ्याच्या छातीशी, फक्त ध्वनिमुद्रणाला. सुरुवातीला दोन्ही चालू करून एक टाळी वाजवा. एडिटिंगमध्ये टाळीचा उंच सुळका दोन्ही पट्ट्यांवर एकाखाली एक आणला की ओठ आणि आवाज जुळले. मग चित्राच्या मोबाइलचा आवाज बंद करा. इअरफोनचा वायरवरचा माइकही चालतो, पण तो कपड्याला घासला की खरखर येते. कॉलरला चिमट्याने अडकवा.

आवाजाची पातळी सर्वांत मोठ्या शब्दाला उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहू द्या. शून्याला टेकली की आवाज फाटतो आणि तो पुढे कशानेही सुधारत नाही. हळू आलेला आवाज थोडाफार वाढवता येतो, फाटलेला शिवता येत नाही. सुरू करण्याआधी पंखा बंद, मोबाइल विमान मोडवर. बोलण्याआधी पाच सेकंद शांत राहून खोलीचा नुसता आवाज घ्या. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये गोंगाट कमी करायचा तर तोच तुकडा नमुना म्हणून लागतो. पार्श्वसंगीत टाकू नका, ते नेमकं व्यंजनांवर बसतं.

चित्राचं थोडक्यात: मोबाइल आडवा, पुस्तकांच्या थप्पीला टेकवलेला, खिडकी बोलणाऱ्याच्या समोर. खिडकी मागे असली की चेहरा काळा होतो, आणि जीभ 'ई'ची ठेवून ओठ 'ऊ'सारखे गोल करून काढायचा तो स्वर ओठांचा आकार दिसल्याशिवाय वर्गाला समजावता येत नाही. पडद्यावर चेहऱ्याला बोट दाबून धरलं की बहुतेक मोबाइलवर फोकस आणि उजेड एका जागी कुलूपबंद होतो.

दर्जा १०८०पी, सेकंदाला ३० फ्रेम. ४के नको. एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) मध्ये १०८०पीचं एक मिनिट साधारण १३० एमबी होतं, तेच ४केमध्ये ३५० च्या आसपास जातं. नव्या मोबाइलमध्ये एचईव्हीसी हा प्रकार सुरू असतो. फाइल निम्मी होते, पण जुन्या संगणकावर ती उघडत नाही किंवा अडखळत चालते. रेकॉर्डिंगच्या आधीच कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन एच.२६४ निवडा. विसरलात तर हँडब्रेक या मोफत प्रोग्रॅममधून बदलून घ्या आणि तिथेच फ्रेमचा वेग 'कॉन्स्टंट' करा. मोबाइल फ्रेमचा वेग कमीजास्त करत राहतो, आणि एडिटिंगमध्ये आवाज हळूहळू ओठांच्या मागे पडण्याचं कारण बहुधा तेच असतं. जोडकामाला शॉटकट किंवा ओपनशॉट पुरतं, दोन्ही मोफत.

फाइल पाठवताना व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवली तर ती दाबली जाते. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. फाइलचं नाव आधी ठरवून द्या, उदाहरणार्थ गट क्रमांक, व्हिडिओ क्रमांक, टेक क्रमांक. नाहीतर आठ गटांच्या चोवीस फाइली एकसारख्या आकडी नावांनी येऊन पडतात.

आता सबटायटल्स. एसआरटी ही साधी मजकुराची फाइल आहे, नोटपॅडमध्येही लिहिता येते. एका तुकड्यात आधी अनुक्रमांक, खालच्या ओळीवर वेळ, त्याखाली मजकूर, मग एक ओळ मोकळी. वेळ अशी: ००:००:०४,२०० --> ००:००:०६,८००. सेकंद आणि सहस्रांश यांच्यात स्वल्पविराम असतो. (वेबव्हीटीटी प्रकारात तिथे टिंब येतं, आणि दोघांची सरमिसळ केली की फाइल चालत नाही.) इथे मी देवनागरी आकडे लिहिले आहेत, फाइलमध्ये मात्र इंग्रजी आकडेच हवेत.

एका वेळी दोन ओळी, ओळीत ४० अक्षरांपर्यंत. वाचायचा वेग सेकंदाला १५ अक्षरांच्या आत ठेवा, म्हणजे ३० अक्षरांच्या ओळीला किमान दोन सेकंद. जर्मनचे जोडशब्द लांबलचक असतात, त्यामुळे ओळ लवकर भरते. तोडताना शब्दात तोडू नका, वाक्यांशाच्या कडेला तोडा. 'वाइल' पहिल्या ओळीच्या शेवटी लटकत ठेवण्यापेक्षा दुसरी ओळ त्याने सुरू करा. ओळ कुठे तोडायची यावर गटात वाद होतो, तो वाद व्याकरणाचाच असतो. होऊ द्या.

सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा. दुसरं काही असलं की ऊमलाउटच्या (वर दोन टिंबं असलेल्या स्वराच्या) जागी विचित्र चिन्हं उमटतात. ऊमलाउट टाळून नुसतं 'ओ' लिहिणं हा उपाय नाही. 'श्योन' म्हणजे सुंदर, 'शोन' म्हणजे आधीच. लिहिताना फरक फक्त त्या दोन टिंबांचा. विंडोजवर ऑल्ट दाबून आकड्यांच्या पॅडवर ०२२८ म्हणजे ऊमलाउटचा ए, ०२४६ ओ, ०२५२ यू, आणि ०२२३ म्हणजे एस्त्सेट (ß). पॅड नसेल तर एई, ओई, यूई अशी अक्षरजोडी लिहिणं जर्मनमध्ये मान्य आहे.

सबटायटल्स चित्रात कायमची छापू नका. वेगळी फाइल ठेवा, नाव व्हिडिओचंच. व्हीएलसी हा व्हिडिओ प्लेअर ती आपोआप उचलतो. पुढच्या तुकडीला हाच व्हिडिओ सबटायटल्सशिवाय ऐकवता येतो, आणि चूक सापडली तर एका ओळीत दुरुस्त होते.

पानगळ

दोघांचेही मनापासून आभार. चार तासिकांची मांडणी आणि आठ शब्दांचं कार्ड लगेच घेणार. सबटायटल्स हे मी शेवटचं सजावटीचं काम समजत होतो, तो दृष्टिकोन बदलला.

ब्लॉगचं अजून उलगडलेलं नाही. उघडा ठेवायचा की बंद? मुलं भाषांतराच्या यंत्रातून आख्खी पोस्ट काढून चिकटवतील ही भीतीही आहे.

शाईचा डाग

ब्लॉगबद्दल लिहितो. आरन कॅम्पबेल यांनी २००३ मध्ये भाषावर्गाच्या ब्लॉगचे तीन प्रकार केले होते: शिक्षकाचा, वर्गाचा मिळून एक, आणि प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतःचा. ती विभागणी अजून कामाची आहे. २४ जणांसाठी वर्गाचा एकच घ्या. चोवीस वेगळे ब्लॉग म्हणजे चोवीस पासवर्ड, चोवीस सेटिंगा, आणि कुणीच कुणाचं वाचत नाही. एका ब्लॉगवर प्रत्येक पोस्टीला वाचक आपोआप मिळतो.

वर्डप्रेस घेतलंत तर भूमिका नीट द्या. 'कॉन्ट्रिब्यूटर' लिहू शकतो, प्रसिद्ध करू शकत नाही. ते काम तुमच्याकडे राहतं. सुरुवातीला हेच बरं. पण अडचण अशी की कॉन्ट्रिब्यूटरला फोटो किंवा फाइल चढवता येत नाही, आणि पहिल्याच तासाला वर्ग अडून बसतो. फोटो हवे असतील तर 'ऑथर' द्या. तो स्वतः प्रसिद्धही करू शकतो, म्हणून 'आधी मसुदा, मग तपासणी' हा नियम तोंडी पाळावा लागेल. 'एडिटर' कुणालाही देऊ नका, तो दुसऱ्यांच्या पोस्टी बदलू शकतो.

दर आठवड्याला पोस्ट नको. वर्गाचे दोन भाग करा. या आठवड्यात १२ जण पोस्ट लिहितील, उरलेले १२ कॉमेंट करतील. पुढच्या आठवड्यात उलट. तुमच्याकडे आठवड्याला १२ पोस्टी येतील, तेवढ्या वाचून होतात. लांबी ६० ते ८० शब्द. विषय व्हिडिओशी बांधलेला हवा: व्हिडिओत बोलायचं राहून गेलं ते, किंवा दुसऱ्या गटाच्या व्हिडिओत बघितलं ते तृतीय पुरुषात. हा दुसरा प्रकार विशेष चांगला. 'मी उठतो'चं 'ती उठते' करताना क्रियापदाचं रूप, सर्वनाम, स्वामित्वदर्शक, सगळं बदलावं लागतं.

कॉमेंटला नियम नसेल तर 'सुपर!' आणि अंगठा याखेरीज काही येत नाही. नियम एवढाच: कॉमेंटमध्ये पोस्टीतला एक तपशील यायला हवा आणि एक खरा प्रश्न. लेखकाने तीन दिवसांत उत्तर द्यायचं. मिळून २० ते ३० शब्द. युरोपीय भाषा-आराखड्याच्या २०१८ च्या पुरवणीत ऑनलाइन संवादासाठी वेगळी वर्णनं दिली आहेत, तेव्हा कॉमेंटला गुण देणं हे अवांतर समजू नका. ते भाषेचं एक कौशल्यच आहे.

चुका कॉमेंटमध्ये दुरुस्त करू नका, कधीच नाही. सगळ्यांसमोर लाल शाई उमटली की पुढच्या पोस्टीची वाक्यं आखूड होतात, मुलं जे पक्कं येतं तेवढंच लिहितात. दुरुस्ती मसुद्यात. तिथेही सगळ्या चुका धरू नका. आठवड्याची एकच ठरवा, उदाहरणार्थ या आठवड्यात फक्त क्रियापदाची जागा. बाकी चुका असताना पोस्ट प्रसिद्ध होऊ द्या. वर्डप्रेस प्रत्येक सेव्हची जुनी आवृत्ती ठेवतं, आणि दोन आवृत्त्या शेजारी-शेजारी दाखवतं. मुलाने काय बदललं ते एका नजरेत दिसतं.

भाषांतराच्या यंत्राचं: बंदी घालून काही होत नाही, ओळखणं मात्र अवघड नाही. ए२ च्या पोस्टीत अचानक षष्ठीची रूपं आणि लांब कर्मणी रचना दिसल्या तर मजकूर बाहेरचा आहे. उपाय कामाच्या रचनेत आहे. पहिला मसुदा वर्गात, हाताने, १५ मिनिटांत. त्याचा फोटो ठेवायचा. ब्लॉगवर येतो तो त्याचाच सुधारलेला अवतार. यंत्र शब्दकोशासारखं वापरू द्या, एका वेळी एक शब्द किंवा पदबंध, आणि असे शोधलेले पाच शब्द पोस्टीखाली लिहायला सांगा.

मोबाइलवरून लिहिताना जर्मन कीबोर्ड लावायला सांगा, अक्षर दाबून धरलं की ऊमलाउट येतात. मात्र ऑटोकरेक्ट बंद. ते नामांचं पहिलं अक्षर स्वतःच मोठं करतं, आणि जर्मनमध्ये नाम ओळखायची सवय नेमकी त्या मोठ्या अक्षरातून लागते.

उघडा की बंद, यावर माझं मत उघडा. अनोळखी वाचक येऊ शकतो, या जाणिवेने लिहिणं बदलतं.

मूळाक्षर

शाईचा डाग यांच्या बाकी सगळ्याशी सहमत, पण शेवटच्या मुद्द्याशी नाही. वर्गात १८ पेक्षा लहान मुलं आहेत. ए२ च्या चुकांसकट लिहिलेली पोस्ट त्यांच्या नावाने शोधयंत्रात वर्षानुवर्षं सापडत राहावी, असं त्यांनी स्वतः ठरवलेलं नाही. अनोळखी वाचक क्वचितच येतो. येतात ते बहुतेक जाहिरातींच्या कॉमेंटा टाकणारे बॉट. वाचक हवा तर ठरवून आणा. जर्मन शिकणारा दुसरा एखादा वर्ग, त्याच पातळीचा, आणि दोन्ही वर्गांना लॉगिन. तिथे दोन्ही बाजूंनी जर्मनच वापरावं लागतं, कारण मधली दुसरी भाषा सामायिक असेलच असं नाही. असा वाचक प्रश्न विचारतो आणि उत्तराची वाट बघतो, हे अनोळखी वाचकाच्या भेटीपेक्षा मोलाचं आहे.

बंद म्हणजे काय हेही नीट समजून घ्या. वर्डप्रेसमधली शोधयंत्रांना परावृत्त करणारी खूण ही फक्त विनंती आहे, कुलूप नाही. पोस्टीला पासवर्ड किंवा पूर्ण साइटला लॉगिन, हे कुलूप. यूट्यूबवर 'अनलिस्टेड' व्हिडिओ शोधात येत नाही, पण दुवा ज्याच्या हाती पडेल तो बघू शकतो. 'प्रायव्हेट' फक्त नेमलेल्या खात्यांनाच दिसतो, म्हणून तो ब्लॉगवर जोडला तर बाकीच्यांना काळी चौकट दिसते. बंद ब्लॉगसाठी अनलिस्टेड ठेवून सत्र संपल्यावर काढून टाकणं हा मधला मार्ग आहे. वाटतंय की चालेल, पण हे पालकांच्या संमतिपत्रात लिहिलेलं हवं: व्हिडिओ कुठे राहणार, कोण बघणार, कोणत्या तारखेला पुसणार. संमती रेकॉर्डिंगच्या आधी घ्या. आठ गटांपैकी एका पालकाने नंतर नकार दिला की तिघांचं काम जातं.

ज्याला चेहरा दाखवायचा नाही त्याला गुण कमी मिळता कामा नयेत. कृती समजावण्याच्या व्हिडिओत नुसते हात पुरतात, ओळखीच्या व्हिडिओत चित्रं आणि मागून आवाज. पोस्टीवर पूर्ण नाव नको, टोपणनाव चालेल. फोटो चढवण्याआधी त्यातली ठिकाणाची माहिती काढून टाका. मोबाइल ती फोटोत नकळत भरतो.

संगीताबद्दल ध्वनिलहरींनी 'नको' म्हटलंच आहे. तरी मुलांचा हट्ट असेल तर परवाना बघा. क्रिएटिव्ह कॉमन्सचं असलं म्हणून सरसकट चालत नाही. ज्यावर 'एनडी' म्हणजे बदल नको अशी अट आहे ते संगीत व्हिडिओला जोडता येत नाही, कारण चालत्या चित्राला संगीत जुळवणं हाच त्या परवान्यांत बदल मानला जातो. 'बीवाय' असेल तर व्हिडिओखाली कर्त्याचं नाव, मूळ दुवा आणि परवाना लिहा. ही श्रेयाची ओळ जर्मनमध्ये लिहून घ्या.

पानगळ

बंद ब्लॉग आणि जोडीचा वर्ग, हे पटलं. शेवटचा प्रश्न, गुण कसे द्यायचे? गटात एक चांगला बोलणारा असला की बाकी दोघे त्याच्यावर तरून जातात.

शब्दवेल्हाळ

गटाला गुण देऊच नका, माणसाला द्या. व्हिडिओत प्रत्येकाची ३० सेकंदं वेगळी ऐकता येतात, तेवढ्यावर द्या. १०० पैकी सांगायचं ते पूर्ण आणि क्रमाने सांगितलं का याला ३०, समजेल असा उच्चार आणि ओघ याला २५, शब्द आणि व्याकरण याला २५, आणि उतरवलेला मजकूर व सबटायटल यांच्यातल्या सुधारणेला २०. एडिटिंगला शून्य. चकचकीत संक्रमणं आणि शीर्षकं यांना गुण ठेवले की संध्याकाळ तिकडेच जाते आणि बोलणं तीनच वाक्यांचं राहतं.

सुधारणेचे २० गुण जपा. कच्च्या मुलाला तिथे चांगल्या बोलणाऱ्याइतकेच मिळू शकतात, किंबहुना जास्त, कारण त्याच्याकडे सुधारायला अधिक असतं. हे गुण देताना वहीतलं चुकांसकट उतरवलेलं पान समोर ठेवा. ते पान स्वच्छ, बिनचूक असेल तर मुलांनी ऐकून नाही, आठवून लिहिलंय. त्यांना व्हिडिओ लावून पुन्हा ऐकायला बसवा, ०.७५ वेगाने.

तपासायला एका व्हिडिओला १२ मिनिटं धरा: एकदा सलग, मग प्रत्येकासाठी एकदा थांबवत. आठ गटांचे ९६ मिनिटं. शेरा लिहिण्यापेक्षा प्रत्येकाला ३० सेकंदांचा जर्मन ध्वनिसंदेश पाठवा, त्यात एक चांगलं वाक्य त्याच्याच शब्दांत परत म्हणून दाखवा आणि एक दुरुस्ती सांगा. तो ऐकण्याचाही सराव होतो. सुरुवात मात्र तिसऱ्या आठवड्यापासून करा. पहिले दोन आठवडे लॉगिन, कीबोर्ड, फाइलींची नावं आणि टाळी वाजवून आवाज जुळवणं यातच जातील. त्या वेळी २० सेकंदांचा चाचणी व्हिडिओ घ्या, त्याला गुण ठेवू नका.